शब्दचर्चा: 'स्टोअर्ड-प्रोग्राम' कॉम्प्युटरला मराठीत काय म्हणायचं?

लंडनच्या लायन्स कंपनीच्या 'लिओ' मशीनवरच्या लेखाचं मराठी करतेय. चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी, आणि १९५१ मध्ये स्वतःच्या हिशोबासाठी तिने चक्क कॉम्प्युटर बांधला. लेखात दर दोन ओळींना 'स्टोअर्ड-प्रोग्राम' येतं, मी 'संग्रहित आज्ञावली' केलंय पण आज्ञा कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं वाटतंय. दुसरं काही सुचतंय का?

— कुलूप सोडा, 'संग्रहित'ने अर्थच हुकतो. कार्डावर भोकं पाडून ठेवलेला प्रोग्रामही संग्रहितच की! इथे गंमत अशी की आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच मेमरीत बसतात, त्यामुळे मशीन स्वतःच्या आज्ञेतला पत्ता (म्हणजे आकडा मेमरीत कुठे आहे ते) बदलून तीच आज्ञा पुढच्या आकड्यावर चालवू शकतं. केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक कॉम्प्युटरवर असंच करायचे, आणि लिओ त्याच्यावरूनच बेतलेला, लायन्सने त्या प्रकल्पाला ३००० पौंड दिले होते.

— मग 'स्मृतिस्थित आज्ञावली'?

— नको हो, पोथीतलं वाटतं. आणि तेव्हाची मेमरी कुठे 'स्थित' होती, पाऱ्याच्या नळ्यांतून ध्वनीचे स्पंद फिरत राहायचे, वीज गेली की सगळं साफ.

— मला वाटतं 'मेमरीतला प्रोग्राम' लिहावं. पगाराचं उदाहरण द्या, लगेच कळेल: प्रोग्राम एकदा मेमरीत भरला की तोच राहतो, माणसांचा डेटा मात्र एकेक करून येतो आणि जातो. जागाही बेताची, लिओत १७ बिटांचे २०४८ 'शब्द' (म्हणजे मेमरीतले कप्पे), त्यातच प्रोग्राम आणि डेटा दोघांनी भागवायचं. शास्त्रज्ञांच्या कामात डेटा थोडा आणि आकडेमोड भरपूर, ऑफिसात नेमकं उलटं, म्हणून लिओला डेटा आत-बाहेर करायला एकापेक्षा जास्त वाटा आणि बफर, म्हणजे डेटा तात्पुरता थांबवायच्या जागा, दिले, एकाचा पगार काढेपर्यंत पुढच्याचा डेटा आत येऊन थांबलेला. माझ्या मते लिओचं खरं डिझाइन हेच, लेखात ते नीट आलंय ना बघा, बाकी शब्द कुठलाही चालेल.

— आलंय, दोन पानं आहेत त्यावर. 'मेमरीतला प्रोग्राम' घेते मग. आणि बफरला काय लिहू?

— बफर. रेल्वेवाले इतकी वर्षं तेच म्हणतायत, कुणाचं काही अडलं नाही.