मदत हवी आहे: पुरासाठी घरात काय तयार ठेवावं? (सांगली, तळमजला)

धागाकर्ता: आयर्विन पुलाच्या जवळ तळमजल्यावर राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, तीन वर्षांचा मुलगा, सत्तरीपुढचे आईवडील. बाबांना रोज इन्सुलिन लागतं. २०१९ ला पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे घर बुडालं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी सामान ठेवू देतील. जूनच्या आधी तयारी करायची आहे. काय, किती घेऊ आणि कधी हलू?

कृष्णाकाठ: आधी ‘कधी’चं ठरवा. आयर्विनजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तुम्ही ३५ लाच सामान वर चढवा आणि ४० च्या आत आईवडील व मुलाला उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवा. सांगलीत ऊन पडलंय म्हणून गाफील राहू नका. पाणी कोयनेच्या विसर्गाचं येतं, आणि खाली हरिपूरला वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी लवकर उतरत नाही.

सामानाची दोन गाठोडी करा. एक पाठीवरची सॅक: औषधं, कागदपत्रं, १०-२० आणि १०० च्या नोटा (टॉवर बंद पडला की यूपीआयही बंद), टॉर्च, पॉवर बँक, मुलाचे कपडे. दुसरं वर ठेवायचं: पाणी, शिधा, अंथरूण. पॉवर बँक २०,००० एमएएचची असली तरी ५,००० एमएएचचा फोन साधारण अडीच वेळाच भरतो.

खरेदीखताला लॅमिनेशन करू नका, नंतर कागद सोडवता येत नाही. झिपच्या दोन पिशव्या, एकीत दुसरी. घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात.

पाणीवाला: पुरात सगळ्यात आधी टंचाई होते ती पिण्याच्या पाण्याची, कारण जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) आणि पंपच पाण्याखाली जातात. माणशी रोज ३ लिटर, पाच माणसं, चार दिवस: ६० लिटर. हे फक्त पिण्याचं. स्वयंपाक आणि हात धुण्यासाठी तेवढंच आणखी धरा. २० लिटरचे जार घेऊ नका, भरलेला जार जिन्यावरून चढवणं अवघड जातं. ५ लिटरचे कॅन बरे.

नंतर गढूळ पाणी वापरायची वेळ आली तर क्रम चुकवू नका. तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, जंतू मरत नाहीत. गोळी किती लिटरला आहे ते पाकिटावर बघा, सगळ्या सारख्या नसतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, अर्धं-अर्धं करू नका.

औषधपेटी: बाबांचं इन्सुलिन: वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं (पत्रकात मुदत बघा). पावसाळ्यात सांगलीत सहसा तेवढी उष्णता नसते. न उघडलेल्यासाठी बर्फाचा डबा असेल तर बाटली टॉवेलात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. दमट हवेत मडकं फारसं गार करत नाही, त्यावर विसंबू नका. सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महिन्याच्या ठेवा, साखर उतरली तर म्हणून ग्लुकोजही.

पुराच्या पाण्यात चालावं लागलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे औषध घ्यायचं का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. लहान मुलाला स्वतःहून देऊ नका.

वायरमन: निघताना मेन स्विच आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद. नुसता मेन पाडला तरी इन्व्हर्टर सॉकेटना वीज देतच राहतो, आणि पाणी तिथवर आलं की शॉक बसतो. पाणी घरात शिरलेलं असेल तर स्विचला हातच लावू नका. कमोडच्या तोंडात वाळूची पिशवी दाबून बसवा, पहिलं पाणी बऱ्याचदा दारातून नाही, तिथूनच वर येतं.

धागाकर्ता: खूप आभार. गॅसचं काय? भरलेली टाकी जड असते, ती जागची हलणार नाही ना?

वायरमन: हलते, तरंगतेसुद्धा. १४.२ किलो गॅस आणि लोखंड मिळून वजन ३० किलोच्या आसपास, पण टाकी त्याहून जास्त पाणी बाजूला सारते. तरंगताना नळी ओढली जाऊन गॅस गळतो. रेग्युलेटर काढा, तोंडाला टोपण लावा आणि टाकी उभीच ठेवून खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने दोन ठिकाणी बांधा. रेग्युलेटर वर घेऊन जा.