'द होमकमिंग'चा शेवट: नाताळच्या भेटींवर पगार खर्च करणारा बाप पटतो का?

खिडकीपाशी:

'द होमकमिंग: अ ख्रिसमस स्टोरी' हा सीबीएस वाहिनीने १९ डिसेंबर १९७१ रोजी दाखवलेला दूरचित्रपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी ज्या शेवटाने डोळ्यांत पाणी आले होते, तोच या वेळी खटकला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल १९३३, व्हर्जिनियातल्या डोंगरातले खेडे, नाताळची पूर्वसंध्या. जवळपास काम नाही म्हणून वडील दूरच्या गावी राबतात आणि आठवड्याच्या शेवटी घरी येतात. त्या रात्री मात्र ते येत नाहीत. रेडिओवर बस उलटल्याची बातमी लागते, आणि ऑलिव्हिया, म्हणजे सात मुलांची आई, थोरल्या जॉन-बॉयला त्यांच्या शोधात बाहेर पाठवते. अखेरीस वडील सुखरूप परततात, प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन येतात, आणि त्यापायी त्यांची कमाई संपलेली असते.

माझी अडचण अशी की त्याआधीचा दीड तास आपण काटकसरच पाहत असतो. आई तळघरातून सफरचंदे आणते, मुले केकसाठी अक्रोड फोडत बसतात, कोणतीच गोष्ट वाया जात नाही. असे असताना घरातला कर्ता पुरुष हातातले पैसे एका रात्रीत संपवतो आणि आपण ते प्रेम म्हणून गोड मानून घ्यायचे? ही त्या काळाची खरी रीत होती, की सणाच्या दिवशी प्रेक्षकांना उदास करून झोपायला पाठवायचे नाही एवढाच त्यामागचा हिशेब?

ताळेबंद:

प्रश्न आवडला, कारण या चित्रपटाबद्दल बोलताना पैशांचा विषय बहुतेक जण टाळतात. आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: हे कुटुंब गरीब आहे, पण बेकार नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतला साधारण दर चौथा कामगार कामाविना होता; त्या गर्दीत या बापाला नोकरी आहे, फक्त ती घरापासून लांब आहे. मूळ कथा लिहिणारे अर्ल हॅम्नर यांच्या घरी हेच घडले होते. त्यांचे स्कायलर हे गाव शंखजिऱ्याच्या दगडाच्या खाणींवर आणि गिरणीवर जगत होते. १९३० च्या दशकातल्या महामंदीत तो धंदा बसला, वडिलांना वेन्सबरोच्या कारखान्यात काम धरावे लागले, आणि आठवडाभर घर बायको-मुलांवर सोपवून शनिवार-रविवारपुरते परतणे नशिबी आले. १९३३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांना घरी पोचायला झालेला उशीर हेच त्यांच्या १९७० च्या 'द होमकमिंग' या छोट्या कादंबरीचे, म्हणजे या चित्रपटाच्या मूळ कथेचे, बीज.

आता पैशांकडे वळू. अशा घरात अन्नाचा मोठा भाग रोख पैशांवर अवलंबून नसतो. तुम्हीच उल्लेख केलेली सफरचंदे आणि अक्रोड पाहा. त्यांतले काहीही दुकानातून आलेले नाही. रोकड लागते ती साखर, कापड, बूट, औषध यांना आणि दुकानातली उधारी फेडायला. म्हणून एका वेळची मजुरी खर्च झाली तर ताट रिकामे राहत नाही, उधारी मात्र वाढते. ते ओझे लहान नसते, पण 'उद्या काय खायचे' यापेक्षा ते वेगळे आहे, आणि चित्रपट हा फरक न बोलता पाळतो.

बचतीचे म्हणाल तर त्या वर्षी तिचा महिमाच ओसरला होता. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी अध्यक्षपद स्वीकारल्याबरोबर देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण मिळाले १ जानेवारी १९३४ पासून, म्हणजे या गोष्टीतल्या रात्रीनंतर जेमतेम आठवडाभराने. ज्यांनी पै-पै साठवली त्यांचीच ती बुडाली, हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला हातातला पैसा आजच मुलांवर खर्चावासा वाटला, तर त्याला मी तरी उधळ्या म्हणणार नाही.

दुसरी घंटा:

ताळेबंद यांनी पार्श्वभूमी नेटकी मांडली आहे, परंतु बँकांचा मुद्दा मला इथे गैरलागू वाटतो. या घरात बँकेत ठेवण्याइतके कधी उरतच नव्हते. त्यामुळे बापाच्या मनात बुडालेल्या ठेवी असतील असे समजणे म्हणजे नंतरच्या अभ्यासकाचे ज्ञान पात्राच्या डोक्यात घालणे होय. मूळ प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच आहे, फक्त ते शेवटाच्या बरेच आधी येऊन जाते.

गावातल्या दुकानात एक धर्मप्रचारक बाई गरीब मुलांसाठी भेटवस्तू घेऊन येते तो प्रसंग आठवून पाहा. भेट फुकट नाही. आधी बायबलमधले वचन म्हणून दाखवायचे, मग कागदात बांधलेली पुडी हातात पडायची. घरातल्या सर्वांत धाकट्या एलिझाबेथच्या वाट्याला बाहुली येते. ती कागद सोडते तर बाहुलीचा चेहरा तडकलेला. दिग्दर्शक फील्डर कुक यांनी इथे रडारड करवून घेतलेली नाही. आपल्या लक्षात राहतो तो फुटका चेहरा आणि मुलीचा दचकलेला चेहरा, बस्स. कुणीतरी टाकून दिलेली वस्तू चांगल्या कागदात बांधून, पाठांतराच्या मोबदल्यात, उपकार म्हणून दिलेली आहे, हे सहा वर्षांच्या पोरीलाही शब्दांवाचून कळते.

हा प्रसंग मनात ठेवून शेवट पुन्हा पाहा. बाप आणतो त्या वस्तू महाग नाहीत, पण नव्या आहेत, आणि त्या मिळवण्यासाठी कुणाला काही म्हणून दाखवावे लागत नाही. जॉन-बॉयची भेट तर आणखी बोलकी आहे. तो दार लावून खोलीत बसतो म्हणून आईला तो चोरून सिगारेट ओढत असल्याचा संशय असतो. प्रत्यक्षात तो वहीत लिहीत असतो आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. बाप त्याच्या हातात कोऱ्या वह्या ठेवतो आणि तू लेखक होणार ही बातमी उत्तर ध्रुवापर्यंत कशी पोचली कोण जाणे, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो. आठवड्यातले पाच दिवस घरात नसलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक आहे! माझ्या मते पगार खर्च झाला तो इथे, आणि त्याचे पुरेपूर मोल वसूल झाले.

मला गोडवा खटकतो तो दुसरीकडे. गोऱ्या जॉन-बॉयला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री सहज आपलेसे केले जाते. क्लीव्हन लिटल यांनी त्या चर्चमधल्या हॉथॉर्न डूलीचे काम फार डौलात केले आहे, परंतु वंशभेद कायद्याने रुजलेल्या त्या काळच्या व्हर्जिनियातला ताण त्या दृश्यात औषधालाही नाही. प्रश्न विचारायचा तर मी तिथे विचारीन.

पडद्यामागे:

वरच्या दोघांनी बापाची बाजू घेतली; मी आईची घेतो. तुम्हाला शेवट खटकला याचे श्रेय ऑलिव्हियाचे काम करणाऱ्या पॅट्रिशिया नील यांना द्यायला हवे. १९६५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाच्या झटक्यांतून त्या वाचल्या, चालणे-बोलणे नव्याने शिकल्या, आणि सहा वर्षांनी ही भूमिका केली. त्यांच्या ऑलिव्हियाचा स्वर कोरडा आहे, माया दाखवण्यात ती हात राखून आहे, आणि काळजी वाढली की ती मुलांवर ओरडते. पैसा संपल्याचे कळते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर पुढच्या आठवड्याची चिंताही स्पष्ट दिसते. गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला तो अशाच बारकाव्यांसाठी असावा, असे मला वाटते.

सप्टेंबर १९७२ मध्ये याच कुटुंबावर 'द वॉल्टन्स' ही मालिका सुरू झाली. जॉन-बॉयच्या भूमिकेतले रिचर्ड थॉमस, बाकीची मुले आणि आजीच्या भूमिकेतल्या एलेन कॉर्बी कायम राहिल्या. आई, वडील आणि आजोबा बदलले. मायकेल लर्न्ड यांची ऑलिव्हिया निःसंशय देखणी आणि प्रेमळ आहे, मात्र तिच्या घरात गरिबी पाहुण्यासारखी येऊन जाते. नील यांच्या घरात ती मुक्कामाला असते. ज्यांनी आधी मालिका पाहिली त्यांना मूळ चित्रपट रुक्ष वाटतो, असा माझा अनुभव आहे.

त्यामुळे शेवट गोड आहे की नाही हे ठरवताना कॅमेरा बापावर असताना आई काय करते आहे तेवढे पाहावे.

खिडकीपाशी:

सर्वांचे आभार. बाहुलीचा प्रसंग मी दोन्ही वेळा पाहिला होता, पण त्याची गाठ शेवटाशी बांधली नव्हती. ती चूक कबूल. वह्यांबद्दलही दुसरी घंटा यांचे म्हणणे पटले.

तरीही एक शंका उरतेच. ताळेबंद म्हणतात तसे ताट रिकामे राहणार नाही, ठीक. पण दुकानदारापुढे उभे राहून 'या आठवड्याचेही लिहून ठेवा' असे सांगायला सोमवारी कोण जाणार? बाप तोवर कामाच्या गावी परतलेला असेल. पडद्यामागे यांच्या सांगण्यावरून आज तो शेवट फक्त ऑलिव्हियाकडे लक्ष ठेवून पाहिला, आणि तिला ते त्याच क्षणी कळलेले आहे असे वाटले.