स्वदेसीचा कार्यक्रम लहान जागेत, सोबत बाबा. कुठे उभं राहावं, काय न्यावं?

ढोलकीची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात स्वदेसी या मुंबईच्या रॅप करणाऱ्या गटाचा कार्यक्रम मुंबईत एका लहान जागेत आहे. मावतील फार तर अडीच-तीनशे माणसं. मी नाशिकची. गेली काही वर्षं ही मंडळी मोबाइलवर ऐकतेय, समोर कधीच ऐकलेली नाहीत.

सोबत बाबा येणार आहेत. वय ६६. तरुणपणी गावातल्या कलापथकात ढोलकी वाजवायचे. २०१९ मध्ये त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं तेव्हा त्यात आरेच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज ऐकून त्यांनी माझा फोन हातातून घेतला आणि तेच गाणं सलग चार वेळा लावलं. तेव्हापासून म्हणताहेत, ही पोरं एकदा समोर बघायची. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्या कानात यंत्र आहे.

प्रश्न तीन. १) शब्द नीट ऐकू यावेत म्हणून कुठे उभं राहावं? २) आवाजाने बाबांना त्रास होऊ नये म्हणून काय करावं? ३) रात्री परत कसं यावं? दोघांचं मिळून बजेट ३,५०० रुपये, त्यातले १,००० तिकिटांत जातील. हॉटेलात राहायचं नाही.

मुलुंडकर_७७
हॉटेल घ्याच. दादरला २,५०० ते ३,००० मध्ये बरी खोली मिळते. ६६ वर्षांच्या माणसाला रात्री बारा वाजता फलाटावर बसवू नका. मी एकदा आईला घेऊन नाट्यसंगीताच्या मैफलीला गेलो होतो, परतताना पावसात अडकलो आणि तिला आठ दिवस ताप. तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे, रात्रीचा कार्यक्रम म्हणजे मुक्काम.

बेसवाला
मी आठ वर्षं साउंड करतो, लग्नापासून क्लबपर्यंत. ऐका.

स्टेजच्या अगदी पुढे उभं राहू नका. मुख्य स्पीकर डाव्या-उजव्या बाजूला असतात आणि त्यांची तोंडं लोकांकडे. स्टेजला चिकटून उभे राहिलात तर तुम्ही त्या दोघांच्या मधल्या पोकळीत येता. तिथे वूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, दणका पूर्ण बसतो, शब्द मात्र डोक्यावरून मागे जातात. कोपऱ्यात आणि भिंतीला टेकूनही नको, तिथे बेस साचतो. सगळ्यात चांगली जागा मिक्सर कन्सोलच्या जरा पुढे, मधोमध. साउंडवाला तिथेच बसून आवाज लावतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हाला.

आणखी एक. रॅप करणारी बरीच पोरं माइकची जाळी मुठीत धरतात. दिसायला रुबाबदार, पण माइकची मागची छिद्रं बंद होतात, आवाज कोंदट होतो आणि शिट्टी सुटते. मग साउंडवाला बिचारा काय करणार? शिव्या मात्र त्यालाच.

जुना_गिरगावकर
बेसवाला म्हणतात ते बरोबर, कन्सोलजवळ उभे राहा.

मी यांना फार आधीपासून ऐकतोय. खारला एका बारच्या खालच्या खोलीत पाहिलं होतं, चाळीस माणसंही नव्हती. त्यांच्यातला रॅपर एमसी तोडफोड माझ्यापासून चार हातांवर उभा राहून गुजरातीत म्हणत होता. मला गुजराती येतं ते दुकानातलं, तरी अंगावर काटा आला. धर्मेश परमार त्याचं नाव. मार्च २०२२ मध्ये गेला, चोविसाव्या वर्षी. ज्यांनी त्याला समोर ऐकलंय त्यांनाच ठाऊक काय गेलं ते. आता तिकीट काढून रांगेत उभे राहणाऱ्यांना ती खोली मिळायची नाही.

कोथरूडचा_अभ्या
अवांतर होईल, पण विचारतोच. रॅपला आपल्याकडे उगाच शाहिरीशी का जोडतात? पोवाड्याला चाल असते, मागे उभे राहून सूर धरणारे झीलकरी असतात, कथा असते. हे बोलणं आहे, तेही परक्या ठेक्यावर.

लाल_डफ
अभ्या, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, कामगारांच्या बोलीत ते प्रश्न मांडायचे. स्वदेसीतला एमसी मवाली मराठीत जंगलाबद्दल आणि जमिनीबद्दल बोलतो तेव्हा ते नातं मला स्पष्ट दिसतं. झीलकरी म्हणाल तर रॅपमध्येही ओळीचं शेवटचं टोक दुसरा उचलतो. कान देऊन ऐका एकदा.

कोथरूडचा_अभ्या
टोक उचलणं म्हणजे झील नव्हे. झील सुरात धरतात. माझे आजोबा शाहिरांच्या मागे उभे राहायचे, मला शिकवू नका.

लाल_डफ
मग आजोबांनी सांगितलं असेलच की झीलकरी दमदार हवा, सूर त्यानंतर.

कानाची_काळजी
दोघांनी वेगळा धागा काढा ना. ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय.

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक मान्य हिशेब आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद जागेतल्या कार्यक्रमात शंभरी सहज गाठली जाते. त्यामुळे प्लग दोघांनीही घालायचे, फक्त बाबांनी नाही.

औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग स्वस्त असतात, पण ते वरचे सूर जास्त कापतात आणि शब्द वरच्या सुरांतच असतात. स, श, त, च ही व्यंजनं पुसट होतात. शब्दांसाठीच जाताय तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळे सूर सारखे खाली आणतात. कापसाचे बोळे घालू नका, त्याने काहीच थांबत नाही.

बाबांचं यंत्र बंद करून कानात तसंच ठेवलं म्हणजे प्लगचं काम झालं असं समजू नका, बऱ्याच यंत्रांना हवेसाठी छिद्र असतं. जिथून यंत्र घेतलं तिथे जाऊन विचारा, त्यात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावता येतो का. बोलण्यासाठी लावलेलं यंत्र मोठं संगीत कोंबून टाकतं. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर घरी रेडिओवर त्याची सवय करू द्या.

डोंबिवली_फास्ट
+१. मी तर कानाचा साचा देऊन खास बनवून घेतले. दहा हजारांच्या वर गेले, पण काय आवाज येतो म्हणून सांगू! एकदाच घ्या, आयुष्यभर वापरा. बजेट वगैरे कानापुढे काही नाही.

ढोलकीची_लेक
दहा हजार नाही हो जमणार. कानाची_काळजी, तुमचे खूप आभार, उद्याच दुकानात फोन करते. साचा न देता फिल्टरवाले केवढ्यापर्यंत मिळतात?

कानाची_काळजी
दीड-दोन हजारांत बरे येतात. तेवढं नसेल तर फोमचे घ्या. शब्द थोडे पुसट झाले तरी चालतील, कान हवेत. फोमचा प्लग आधी बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर उपयोग शून्य.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे मुंबई-मुंबई करून रायले, पण स्वदेसीतल्या शंभरआरबीएचचं नाव कोणी घेतलं नाही. सौरभ अभ्यंकर आमच्या अमरावतीचा पोट्टा हाय. वऱ्हाडीत रॅप करते तो. आमची बोली पिच्चरमधी फक्त नोकराले आन् विनोदी माणसाले देतेत, ते ह्या पोट्ट्यानं इमानानं माइकवर आनली. तो असन तर बाबाले सांगा, नीट आयका. नाशिकच्या मानसाले दोन शब्द नाही समजले तरी ठेका समजते.

मुलुंडकर_७७
हॉटेलचं काय ठरलं?

कसारा_घाट
मी इगतपुरीचा, निम्मं आयुष्य या मार्गावर गेलंय. परतीला सीएसएमटीहून महानगरी एक्स्प्रेस आहे, मध्यरात्री बारानंतर सुटते, दादरला थांबते, नाशिक रोडला पहाटे उतरवते. पण तारीख बघा. बाराच्या पुढे सुटणारी गाडी म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची. कार्यक्रम शनिवारी असेल तर आरक्षण रविवारच्या तारखेचं काढायचं. मी २०१७ मध्ये शनिवारचंच काढलं होतं. बायको-मुलांना घेऊन फलाटावर उभा, गाडी आली, बर्थवर दुसरी माणसं झोपलेली. आमची गाडी चोवीस तास आधी निघून गेली होती. टीसी भला होता, पण जागा कुठून आणणार? कल्याणपासून नाशिकपर्यंत दाराशी बसून आलो. थोरली अजून बोलून दाखवते.

स्लीपरचं आरक्षण आजच काढा. बाबा ज्येष्ठ नागरिक आहेत तर त्यांच्या खालच्या बर्थसाठी तो कोटा निवडा. सुटण्याची वेळ त्या दिवशी पुन्हा एकदा तपासा.

बेसवाला
साधारण किती वाजता संपेल ते आयोजकांना आधी विचारा. उघड्या मैदानावर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, पण बंद जागेत गोष्ट वेगळी. 'आठला सुरू' लिहिलेलं असतं, मुख्य मंडळी साडेनऊ-दहाला येतात. आधी एक-दोघं वाजवतात. मी कितीदा सांगितलं आयोजकांना, वेळ खरी छापा. कोणी ऐकत नाही. गेल्या वर्षी एका ठिकाणी साउंड चेकच झाला नाही, कारण मालकाला त्याच हॉलमध्ये वाढदिवसाची पार्टी घ्यायची होती. मग रात्री लोक माझ्याकडे बोट दाखवणार.

परळची_मी
मी अशा ठिकाणी बऱ्याचदा जाते. दोन साध्या गोष्टी. आधार कार्ड दोघांनीही जवळ ठेवा, दारात विचारतात. पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी बाहेर काढून घेतात. बाबांना गोळ्या असतील तर पट्टीसकट न्या, सुट्या नको. बसायला जागा आहे का हे फोन करून विचारा. वयस्कर माणूस येतोय म्हटल्यावर एक खुर्ची कडेला ठेवतात, मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

आणि कृपा करून फोन वर धरून अख्खा कार्यक्रम चित्रित करू नका. मी पाच फूट. मागच्या वेळी दीड तास मी दुसऱ्याच्या पडद्यावरच बघत होते.

डोंबिवली_फास्ट
का बरं? तिकीट काढलंय, आठवण नको? मी सगळे कार्यक्रम जपून ठेवलेत, दोनशे जीबी.

परळची_मी
त्यातले किती पुन्हा बघितले?

जुना_गिरगावकर
आमच्या वेळी फोन नव्हते वर. डोळे होते.

लाल_डफ
ढोलकीची_लेक, बाबांना एक सांगा. हिप-हॉपचा जन्मच लहान जागेतला. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अॅव्हेन्यू ही रहिवासी इमारत. तिथल्या सामायिक खोलीत डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. हर्कने दोन तबकड्यांवर गाण्यातला नुसता तालाचा तुकडा पुन्हापुन्हा लांबवला आणि लोक त्यावर नाचले. ढोलकीवाल्याला हे लगेच कळेल. गाणारा थांबला की ढोलकीवाला जो तुकडा खेळवतो, तेवढाच त्याने धरून ठेवला.

कोथरूडचा_अभ्या
हे मात्र मान्य. तालाचं नातं मान्य. झीलबद्दल माझं म्हणणं कायम.

ढोलकीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते.

महानगरीचं आरक्षण काढलं, तारीख तीनदा तपासून. बाबांना खालचा बर्थ मिळालाय. मुलुंडकरकाका, काळजी कळते, पण हॉटेल नाही घेणार. दादरच्या फलाटावर बाबांनी आयुष्यभर रात्री काढल्यात, मी डबा आणि चादर घेतेय.

प्लग फोमचेच घेतले. यंत्राच्या दुकानात जाऊन संगीताचा प्रोग्रॅम लावून आणला. काल बाबांनी त्यावर 'द वारली रिव्होल्ट' ऐकलं आणि म्हणाले, मागे एक बारीक घुंगरासारखं काहीतरी वाजतंय, ते मला आजवर कळलंच नव्हतं. आता ते खरंच आहे का यंत्राचं, ते बघायला जायचंय म्हणतात.

उभं राहण्याबद्दल मात्र तुमचं कुणाचंच ऐकणार नाही. आम्ही पुढे, स्टेजकडे तोंड करून डाव्या अंगाला राहू. बेसवाला, तुमचं म्हणणं वाचून दाखवलं बाबांना. ते म्हणाले, कानाने जे निसटतं ते मी ओठांवरून उचलतो, गेली बारा वर्षं असाच ऐकतोय. मागे उभा राहिलो तर आवाज नीट येईल, पण तोंड दिसणार नाही, मग मला निम्मंच मिळेल. डावं अंग अशासाठी की चांगला कान स्पीकरपासून लांब, स्टेजकडे राहील. परळची_मी, तुम्ही म्हणालात तसा फोन केला, कडेला एक खुर्ची ठेवतो म्हणाले.

बेसवाला
ओठांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पुढेच राहा. पण वूफर जमिनीवर ठेवलेले असतील, खुर्ची त्यांच्या बरोबर समोर येणार नाही एवढं बघा, दोन पावलं आत घ्या. आणि मुठीत माइक धरला तर ओठही झाकले जातात, तेव्हा बाबांनी दुसऱ्याकडे बघावं.

कानाची_काळजी
प्लग चांगल्या कानातही. मध्ये दहा-पंधरा मिनिटं बाहेर येऊन बसा. दुसऱ्या दिवशी कानात गुंई राहिली आणि दोन दिवसांत गेली नाही तर दाखवा.

मुलुंडकर_७७
ठीक. फलाट क्रमांक आधी बघून ठेवा. दादरला जिना फार आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, आमचा पोट्टा स्टेजवर आला तं बाबाले म्हना, अंबानगरीच्या नावानं एक जोरदार आवाज द्या. आमी अमरावतीतून काही पोचत नाही तिथलोक.