दोन पराभव आणि विजेतेपद

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मोसमात दोनदा हरलेल्या ओहायो स्टेट या विद्यापीठ संघाला २०२४ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळाल्याने नियमित सामन्यांना अर्थच उरला नाही, हे काही जणांचे मत मला पटत नाही. घरच्या मैदानावर कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून १३-१० असा झालेला पराभव जिव्हारी लागणारा होताच, पण त्याची किंमतही त्यांनी मोजली: विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत (प्लेऑफ) आठवे मानांकन मिळाले, पहिल्या फेरीत पुढे चाल (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) नाही, आणि विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकणे भाग पडले. ज्या ओरेगनने ऑक्टोबरमध्ये त्यांना एका गुणाने हरवले होते, त्याच तोवर अपराजित असलेल्या संघाला त्यांनी रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात ४१-२१ असे नमवले.

या वादात कोणी न मांडलेली बाब अशी, की पुढे चाल मिळालेले चारही संघ आपल्या पहिल्याच सामन्यात गारद झाले. ओहायो स्टेटविरुद्धच्या उपांत्य सामन्यात २१-१४ असे मागे असलेले टेक्सास गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर पोहोचले होते. तिथून ते मागे रेटले गेले आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) क्विन यूअर्सच्या हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला). हे दोघे ओहायो स्टेटमध्ये एकेकाळी एकाच खोलीत राहत होते.