वेगळी जुनी गाडी घ्या म्हणे! मग घाटात धक्का कोण मारणार?

फोंड्याचो पात्रांव (धागा सुरू करणारा)

परवा एका सद्गृहस्थांनी लिहिलं की गोव्यात ज्याला हौस येते तो उठून प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट) नाहीतर फोक्सवॅगन बीटल घेतो. सगळी मेंढरं. खऱ्या शौकिनानं म्हणे वेगळी वाट धरावी: स्टँडर्ड हेराल्ड, काँटेसा, निदान प्रीमियरची 118 एनई. खाली लोकांनी ‘वा वा, काय बोललात’ सुरू केलं. त्यातल्या किती जणांनी जुन्या गाडीखाली पाठ टेकली असेल, देव जाणे.

तर मी मेंढरू क्रमांक एक. माझ्याकडे 1986ची पद्मिनी आहे. गेल्या एप्रिलात केरीहून चोर्ला घाट चढत होतो. दुपारचा एक, पहिला-दुसरा गिअर, आणि अर्ध्या घाटात गाडीनं मान टाकली. उन्हानं आणि चढानं फ्युएल पंप तापला, आत पेट्रोलची वाफ झाली. खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला, बॉनेट उघडं ठेवलं, सावलीत बसून दोन केळी खाल्ली. पंधरा मिनिटांनी चालू. हे मला कुणी शिकवलं? एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यानं. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीनं मुंबईत काळी-पिवळी म्हणून जन्म काढला, 2023च्या ऑक्टोबरात तिथली शेवटची रस्त्यावरून उतरली. पण तिच्यामागे एवढं सामान आणि एवढे जाणकार मेस्त (मेकॅनिक) राहिलेत की आणखी वीस वर्षं पुरतील. ‘टॅक्सीची गाडी’ म्हणून नाक मुरडता ना? ती टॅक्सी होती म्हणूनच घ्यावी.

118 एनईचं इंजिन निस्सानच्या घराण्यातलं, बॉडी फियाट 124ची. इंजिनाचं कुणीतरी करून देईल. पण दारातल्या माडाचा नारळ पुढच्या काचेवर पडला तर काय करणार? काच आणि दाराचं रबर, इथेच वेगळी गाडी मालकाला रडवते. स्कूटरवरून जाता येईल एवढ्या अंतरावर जिचा मेस्त नाही, ती गाडी नव्हे, शोकेस.

बोरीची हेराल्डवाली

शोकेस? माझ्या ‘शोकेस’मधून मी परवाच शिरोड्याच्या बाजारातून मासळी आणली.

गाडी वडिलांची. तुमच्या पद्मिनीत वाकून पाठ मोडून घेता ना? हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. मग पुढच्या टायरवर बसायचं, इंजिन मांडीशी. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट सेट करायला बाबा फीलर गेज (फट मोजायची पट्टी) कधी शोधत नसत. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड तुकडा पॉइंटमध्ये धरायचा, स्क्रू आवळायचा, झालं. तो तुकडा अजून ग्लोव्हबॉक्समध्ये आहे. त्यावर वधूचं नाव शिल्लक आहे, वराचं ग्रीसनं गेलं.

पत्रा वेगवेगळ्या भागांत, चासिसवर बोल्टनं बसवलेला. गोव्याच्या पावसात सडेल तो भाग तेवढाच उतरवायचा. तुमच्या पद्मिनीला खालून गंज धरला की दार उघडताना गाडी वाकते, ते लिहायचं राहिलं वाटतं. आणि आमच्या वाड्यात, जिथे रिक्षा मागे घ्यावी लागते, तिथे ही पंचवीस फुटांत वळते. इटलीच्या मिशेलोत्ती या डिझायनरनं काढलेल्या रेषा, मद्रासला बनलेली गाडी. तिला वेगळी म्हणून मी घेतली नाही. ती घरात होती.

माशेलचा भाचा

दोघांचंही चूक. आता खरी वेगळी गाडी म्हणजे 1983-86च्या आकाराची पहिली मारुती 800. आठवा, शेवटची कधी पाहिली? सगळ्यांनी भंगारात घातल्या. पद्मिनी ढीगभर दिसतील.

फोंड्याचो पात्रांव

माशेलच्या भाच्या, मारुती क्लासिक झाली तर उद्या तुझ्या मामाचा मिक्सरही होईल.

हेराल्डताई, बॉनेटचं मान्य. बाकी त्या मागच्या अॅक्सलबद्दल लिहा की. जोरात वळण घेतलं की मागचं चाक आत दुमडतं.

बोरीची हेराल्डवाली

मासळी घेऊन जोरात वळण कोण घेतं?

म्हापशेकर

गाडी कुठलीही घ्या हो, चालवणार कुठे? काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या जीपा आसगावच्या रस्त्यावर अशा येतात की माझी अँबॅसिडर गटारात उतरवावी लागते. आत चार पोरं, एक छतातून बाहेर. आधी यांचं काहीतरी करा, मग क्लासिकचं बघू.

सत्तरीची माती

आले म्हापशेकर. चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) धाग्यावरही तुम्ही जीपाच आणल्या होत्या.

आरटीओग्रस्त

मूळ प्रश्नाकडे येतो. म्हणजे येत नाही, कारण गाडी निवडण्याआधी कागद निवडा असं माझं मत आहे.

2021च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला 20 हजार, दहा वर्षं मुदत, नंबरात ‘व्हीए’. आणि ती गाडी नेहमीच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. म्हणजे हेराल्डताईंची मासळी बेकायदेशीर!

बोरीची हेराल्डवाली

अर्धं वाचून पूर्ण घाबरवू नका. माझी व्हीए नाही. गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाचा, जीडीनं सुरू होणारा नंबर आहे, साधी खासगी नोंदणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. व्हिंटेजसाठी अर्ज मालकानं करायचा असतो, पन्नाशी भरली म्हणून कुणी घरी येऊन पाटी बदलत नाही.

सत्तरीची माती

पण 15 वर्षांनंतर पेट्रोल गाडी बंदच ना? टीव्हीवर दाखवत होते.

आरटीओग्रस्त

ते दिल्ली आणि आसपासचं, बाबा. डिझेलला 10, पेट्रोलला 15 वर्षं असा तिथला नियम निघाला होता. गोव्यात गाडी तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. फक्त खिसा मोकळा करा: 1 एप्रिल 2022पासून 15 वर्षांवरच्या मोटारीला 5 हजार, आणि 2025च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्यांना 10 हजार. पूर्वी 600 होते.

माझं दुखणं वेगळं. काकांची गाडी, 1972ची, नोंदणी संपून अकरा वर्षं झालेली. एका कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवर म्हणाले, व्हिंटेज करा. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, व्हिंटेज होणार नाही, कारण काकांनी मध्ये डिझेल इंजिन बसवलंय, मूळ रूप राहिलं नाही. तिसऱ्या खिडकीवर जेवायची सुट्टी. चार फेऱ्या झाल्या, गाडी अजून पडवीत, आत मांजर व्यालीय.

म्हापशेकर

डिझेल इंजिन बसवलं तर काय पाप केलं? माझ्याही अँबॅसिडरला तेच आहे. 1995 साली पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून बसवलं. तेव्हा हे ‘ओरिजिनल, ओरिजिनल’ म्हणणारे कुठे होते?

माशेलचा भाचा

कंपनीनंच अँबॅसिडर डिझेलमध्ये आणली होती, त्यामुळे तुमचं पाप लहान आहे. पण जीडीचा नंबर असलेल्या गाडीचं मूळ इंजिन भंगारात घालणं म्हणजे देवळातली समई विकून ट्यूबलाइट आणणं.

म्हापशेकर

तू तेव्हा जन्मला नव्हतास. गाडी पोट भरायला होती, फोटो काढायला नव्हे. त्या गाडीनं माझ्या बहिणीला बाळंतपणाला भर पावसात रात्री दोन वाजता इस्पितळात नेलंय. डिझेलवर. सांग तिला ओरिजिनल नव्हती म्हणून!

माशेलचा भाचा

बरं बाबा, मागे घेतो. समई मागे घेतो.

आजोळचा दामू

तुम्ही ‘वेगळी, वेगळी’ काय करता? 1961च्या डिसेंबरपूर्वीच्या गोव्यात वेगळीच गाडी सर्वसाधारण होती. तिकडे भारतात लोक अँबॅसिडर-फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे. इथे खाणीचा पैसा आणि आयात खुली, ओपेल काय, फोक्सवॅगन काय. आमच्या वडिलांनी मर्सिडीझ 180 डी टॅक्सी म्हणून चालवली. टॅक्सी! पात्रांव, तुमच्या हिशेबानं मग मर्सिडीझच घ्यायला हवी, टॅक्सी होती म्हणून. घ्या बघू.

फोंड्याचो पात्रांव

दामूबाब, पकडलंत. घेतो की, तुमच्या वडिलांची गाडी आणि तिचा मेस्त दोन्ही द्या.

खरं सांगायचं तर माझा स्वतःचाच मुद्दा आता लंगडायला लागलाय. माझ्या मेस्तचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. मेस्त सत्तरीचा. वर हे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. मार्चमध्ये गाडी महिनाभर उभी होती, काढली तर कार्ब्युरेटरखाली थेंब थेंब. जुनी रबरी नळी बोटानं दाबली तर चिकट शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी. सगळ्या नळ्या बदलल्या. 2023च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचंसुद्धा सामान या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही, मग आमच्या म्हातारीचं काय?

सत्तरीची माती

म्हणजे चार महिने पावसात उभी ठेवायची तर टाकी रिकामी करावी की भरून ठेवावी? मी नेहमी भरून ठेवत आलो.

बोरीची हेराल्डवाली

पूर्वी भरूनच ठेवायचो, टाकीत आतून गंज धरू नये म्हणून. आता इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मी रिकामी करते, आणि कार्ब्युरेटरचं भांडंही कोरडं. प्लॅस्टिकची ताडपत्री मात्र अंगावर टाकू नका. आतल्या आत घाम फुटतो आणि दाराच्या खालच्या कडा ऑगस्टपर्यंत बिस्किटासारख्या होतात. वर पत्रे, बाजू उघड्या. बुडाला जळकं ऑइल मारायचं. वायरिंगजवळ उंदरांसाठी तंबाखूची पुडी. आणि टाकी रिकामी, त्यामुळे दर आठ दिवसांनी हातानंच ढकलून थोडी पुढे-मागे.

आणि पात्रांव, नळ्या तुम्हीच बदलल्यात ना? मेस्तशिवाय?

फोंड्याचो पात्रांव

बदलल्या. दोन दिवस लागले, एक क्लिप उलटी बसवली, पेट्रोलचा वास जेवणाच्या खोलीपर्यंत. पण बदलल्या.

बोरीची हेराल्डवाली

मग स्कूटरच्या अंतराचा नियम गेला.

फोंड्याचो पात्रांव

गेला नाही, थोडा सरकला. हेराल्ड तुमच्यासारखीनं घ्यावी, जिला लग्नपत्रिका वापरता येते. परवाचं ते ‘वेगळी वाट’वालं पोस्ट लिहिणाऱ्यानं घेऊ नये, एवढ्यावर तरी सही कराल?

बोरीची हेराल्डवाली

त्यांनी घ्यावी. वर्षभरानं आम्हाला सामानासाठी स्वस्तात मिळेल.

आरटीओग्रस्त

कुणाला 1972च्या गाडीला बसणारं मूळ इंजिन माहीत आहे का? मांजराची पिल्लं सोबत फुकट.

म्हापशेकर

माझं काढून ठेवलेलं पेट्रोल इंजिन अजून न्हाणीच्या मागे आहे, गोणपाटाखाली. काकांची अँबॅसिडरच असेल तर येऊन बघा. पण येताना आसगावमार्गे येऊ नका, जीपा असतात.