भेगा स्वतःच बुजवणारं काँक्रीट: सुरुवात पाण्याच्या टाक्यांपासून करावी का?

जलदर्शी
नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक जाँकर्स यांनी २००६ साली यावर काम सुरू केलं. बॅसिलस गटातल्या जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य (कॅल्शियम लॅक्टेट) काँक्रीटमध्येच कालवायचं. भेग पडून पाणी आत शिरलं की बीजाणू जागे होतात, खाद्य फस्त करतात आणि भेगेत चुनखडी साचत जाते. प्रयोगशाळेत ०.८ मिमीपर्यंतच्या भेगा अशा भरल्या आहेत.

माझं स्पष्ट मत: नळयोजनांच्या नव्या टाक्यांच्या निविदेत असं काँक्रीट वापरण्याची अट आजच घालावी. टाकीत ओल कायम असते, त्यामुळे जिवाणूंचं पाण्यावाचून अडत नाही. शिवाय टाकी दुरुस्त करायची तर आधी रिकामी करावी लागते, म्हणजे गावाचे नळ बंद आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे.

सेंट्रिंगवाला
पूर्ण विरोध. टाक्या केसाएवढ्या भेगांनी गळत नाहीत, वाईट कामाने गळतात. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर उचलून धरणारे ठोकळे) संपले की सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला तरी माल ओतणं थांबत नाही. शटरिंग (साचा) उघडलं की भिंतीत मूठ जाईल एवढं हनीकोम्ब, म्हणजे पोकळ राहिलेली भोकं, दिसतं, त्यावर लगेच सिमेंटचा हात मारून मोकळे. कुठला जिवाणू ते भरणार?

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) असलेल्याला १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, सांगितलंय. साइटवर तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवतात. जिवाणूंचे पैसे पाणी मारायला माणूस ठेवण्यावर खर्च करा.

जलदर्शी
हनीकोम्ब शटरिंग काढताना दिसतं, त्याला बिल थांबवणं हाच उपाय. मी बोलतोय ते आकुंचनाने आणि उन्हातान्हाने नंतर पडणाऱ्या भेगांबद्दल. काम चोख केलं तरी त्या पडतात, म्हणून तर तेच मानक सतत ओल्या भागांसाठी ०.२ मिमीची मर्यादा सुचवतं.

जुन्या टाकीच्या भिंतीवर पांढरी रेघ बघितली असेल. आधी तिथून पाणी झिरपायचं, मग आपोआप थांबलं. काँक्रीटमधला चुना बाहेर येऊन आणि आत न भिजता राहिलेलं सिमेंट पाणी पिऊन भेग बुजते. साध्या काँक्रीटमध्ये हे बारीक भेगांपुरतंच जमतं, जिवाणू ती मजल वाढवतात. यात जादू कसली?

खारा वारा
टाक्यांचं ठीक, पण हे किनाऱ्यावरच्या इमारतींपर्यंत नेऊ नका. आमच्याकडे स्लॅबचे पोपडे पडतात ते खाऱ्या हवेतलं मीठ कव्हरमधून (सळईवरच्या काँक्रीटच्या थरातून) झिरपत सळईपर्यंत पोचतं म्हणून, त्याला भेग लागतच नाही. गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. तिथे वरून चुनखडी बसून काय होणार? माझी खरी भीती वेगळी आहे. ‘स्वतः दुरुस्त होणारी इमारत’ अशी जाहिरात करून बिल्डर ४५ मिमीचं कव्हर २५ वर आणेल.

आणि पिण्याच्या टाकीत वापरणार असाल तर पाण्याची तपासणी आधी, निविदा नंतर.

जलदर्शी
पाण्याची तपासणी मान्य. किनाऱ्याबद्दलही तुमचंच बरोबर, कव्हर एक मिलिमीटरनेही कमी होता कामा नये.

मग असं करू. वेल्समध्ये ए४६५ रस्त्याच्या कामावर कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळे उपाय वापरलेल्या भिंती शेजारी शेजारी उभारल्या: एकीत जिवाणू, एकीत भेग पडली की फुटून ती भरणाऱ्या सूक्ष्म कॅप्सूल, आणि तुलनेला एक साधी. तसंच इथे एकाच योजनेत दोन टाक्या बांधा. ठेकेदार तोच, वाळू तीच, फक्त एकीत बीजाणू. मग दर उन्हाळ्यात दोन्हींच्या भेगा मोजा.

सेंट्रिंगवाला
याला माझी हरकत नाही, पण एका अटीवर: दोन्ही टाक्यांना कव्हर ब्लॉक पुरेसे आणि क्युरिंग पूर्ण, आणि त्याची नोंद रोजच्या रोज साइटच्या रजिस्टरमध्ये. नाहीतर साधी टाकी मुद्दाम रडतखडत बांधतील आणि जिवाणू जिंकले म्हणून सांगतील. माझी खात्री आहे, नीट बांधलेली साधी टाकीच गळणार नाही. तसं झालं तर निविदेतली अट मागे घ्याल?

जलदर्शी
घेईन. पण पाच वर्षांनी, पहिल्या पावसाळ्यानंतर नाही.