'पास आउट' झाला म्हणजे नक्की काय झाला?

दुपारचा_चहा: मशीनने केलेलं औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर तपासतेय. त्यात आलंय, 'डोस जास्त झाल्यास रुग्ण उत्तीर्ण होऊ शकतो.' हसून झाल्यावर मूळ बघितलं तर 'मे पास आउट'. मी 'भोवळ येऊ शकते' केलं तर आमच्या वरच्या बाईंनी खोडून 'शुद्ध हरपू शकते' केलं, म्हणे भोवळ वेगळी. आमच्या साताऱ्याकडे भोवळ आली म्हणजे माणूस पडलाच. तुमच्याकडे काय म्हणतात? पाचला पाठवायचंय.

पेठकर: बाई बरोबर आहेत. भोवरा, भोवती, भोवळ सगळे एकाच घरातले, भ्रम् धातूचे. नुसतं गरगरणं. भोवळ आलेला माणूस खांब धरून उभा राहू शकतो.

कोकणी_मेवा: आमची आजी गरगरलं की घेरी म्हणायची आणि पडला की झीट. मी एकदा आषाढी एकादशीला निर्जळी उपास करून देवळाच्या रांगेत उभी, घेरी आली तोवर सगळं ऐकू येत होतं, झीट आल्यावर एकदम कुणीतरी नाकाला कांदा लावतंय एवढंच आठवतं. त्यामुळे पास आउट म्हणजे झीट, विषय संपला.

नाइटशिफ्ट: माझं उलटं झालेलं. न्यू जर्सीत पहिल्याच मीटिंगला ओळख करून देताना म्हटलं, आय पास्ड आउट इन नाइन्टी एट. शेजारचा काळजीने विचारतो, आता बरा आहेस ना? इकडे कॉलेजातून ग्रॅज्युएट होतात, पास आउट पार्टीत होतात. आणि मॅनेजर कागदांचा गठ्ठा हातात देऊन 'पास दीज आउट' म्हणाला तर ते वाटायचे असतात, हे तिसरंच.

पेठकर: म्हणूनच म्हणतो, चुकीचं इंग्रजी मराठीत आणू नका. उत्तीर्ण आहे ना चांगला.

खडकवासला_रोड: चुकीचं कसं काका? ब्रिटिश लष्करातला वापर आहे तो, प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे. एनडीएची पासिंग आउट परेड काय मराठी माणसाने काढली? मे २०२५ मध्ये १४८ व्या कोर्सबरोबर १७ मुलींची पहिली बॅच पास आउट झाली, त्या काय झीट येऊन पडल्या? शिवाय उत्तीर्ण माणूस दरवर्षी होतो, पासआउट एकदाच. एफवायला उत्तीर्ण झालेल्याला कोणी पासआउट म्हणतं का?

पेठकर: परेडला दीक्षान्त संचलन म्हणतात.

खडकवासला_रोड: म्हणतात, बातमीत. घरी 'पोरगी पासआउट झाली' म्हणूनच पेढे वाटतात.

तळटीप: उत्तीर्ण म्हणजे मुळात पाणी तरून पलीकडे बाहेर आलेला, उद् अधिक तॄ. म्हणजे संस्कृतातलं पास आउटच की! मशीन अगदीच येडं नाही.

नाइटशिफ्ट: आणि तिसऱ्या पेगनंतर आपल्याकडे 'आउट' होतातच, पास नुसता गळलाय.

पेठकर: आउट हा मराठी शब्द नाही.

नाइटशिफ्ट: क्रिकेट बघताना काय म्हणता?

पेठकर: बाद.

तळटीप: बाद अरबीतून आलाय हो काका.

पेठकर: तो रुळलाय.

खडकवासला_रोड: मग पासआउट काय रांगतोय?

दुपारचा_चहा: अहो, पाच वाजून गेले. 'बेशुद्ध पडू शकतो' लिहून पाठवलं, बाईही काही बोलल्या नाहीत. आता पुढच्या पानावर 'व्हेन द पेशंट कम्स टू', मशीन म्हणतंय 'रुग्ण दोन वाजता आल्यावर'.

कोकणी_मेवा: शुद्धीवर आल्यावर. कांद्याचं पण लिहा कुठेतरी.

पेठकर: 'रुळलाय' आणि 'घुसलाय' यात फरक आहे, सविस्तर रात्री लिहितो.